कण, कोथिंबीर आणि काकूंची निवडणूक

जगात ज्या गोष्टी अजून घडलेल्या नाहीत, त्या सगळ्या माझ्या धाकट्या काकांना आधीच ठाऊक असतात. आणि ज्या घडून गेल्या आहेत, त्या तशाच घडल्या हे मात्र त्यांना अजून पटलेलं नसतं. परभणीपासून पिंगळीपर्यंतच्या टापूत असा माणूस दुसरा नाही. नाही तेच बरं. असता, तर दोघं समोरासमोर बसून एकमेकांची भाकितं करत राहिले असते आणि दोन्ही घरच्या भाकरी गार झाल्या असत्या.

काका मूळचे पदार्थविज्ञानाचे. तरुणपणी काही वर्षं ते लांबच्या एका मोठ्या संशोधनसंस्थेत होते. तिकडे कुठल्याशा देशात जमिनीखालच्या बोगद्यात अतिसूक्ष्म कणांच्या टकरी लावत आणि त्या टकरींचे आकडे पोत्यांनी यांच्याकडे येत. टकरीतून काय बाहेर पडायला हवं हे गणितानं आधी सांगायचं आणि प्रत्यक्षात काय पडलं त्याच्याशी ताडून बघायचं, हे काकांचं काम. आजोबा थकले तेव्हा ते परत आले, परभणीच्या एका कॉलेजात शिकवू लागले आणि राहायला गावातच राहिले. येताना त्यांनी त्या कामावरच्या शोधनिबंधाचं एक पान फ्रेम करून आणलं. ते आजही बैठकीत देवांच्या तसबिरींशेजारी आहे. निबंध छोटा, पण लिहिणाऱ्यांची नावं कित्येक पानं. त्यातल्या या पानावर मधोमध काकांच्या नावाखाली लाल रेघ. लग्न होऊन काकू घरात आल्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात फ्रेम पुसता पुसता म्हणाल्या होत्या म्हणे, "एवढी माणसं तर आपल्या लग्नाच्या पंगतीलाबी न्हवती." काका तिकडे नेमकं काय करत होते, हे गावाला कधीच कळलं नाही. 'कणांचं काम' एवढंच ऐकू गेलं. त्यामुळे ते कुठल्याशा गिरणीत कण्या भरडायला होते, अशी वरच्या आळीतल्या म्हाताऱ्यांची अजून समजूत आहे. "येवढं शिकून कण्याच भरडल्या बिचाऱ्यानं," असं म्हणून ते हळहळतात.

कणांनी काकांना एक सवय लावली. आकडा एकटा सांगायचा नाही, सोबत 'अधिक-उणे' जोडायचं. "जेवायला साडेबाराला येतो, अधिक-उणे वीस मिनिटं." माझ्या लग्नात आचाऱ्यानं पानं किती धरू विचारलं तर काका म्हणाले, "साडेतीनशे, अधिक-उणे तीस." आचारी म्हणाला, "सर, उण्याचं शिजवू का अधिकाचं?" स्वयंपाकघराच्या दारामागे वरणातल्या मिठाचा आलेख होता. रोज जेवण झालं की काका दहापैकी गुण देत आणि एक टिंब काढत. काकूंनी एकदा वैतागून मीठच घातलं नाही. काका उलट खूश झाले. "असा एखादा आकडा लागतोच," म्हणाले आणि अगदी तळाशी टिंब काढून आले.

पिंगळी स्टेशनावरून परभणीला जाणारी सकाळची पॅसेंजर रोज किती उशिरा येते, हे त्यांनी वर्षभर टिपून ठेवलं होतं. वार, पाऊस, आदल्या दिवशीचा सण, असं सगळं धरून त्यांनी एक सूत्र बसवलं. त्यानंतर गाडीच्या वेळापत्रकाकडे त्यांनी पाहिलं नाही. सूत्र सांगेल तेव्हा निघायचे आणि खरोखरच त्यांनी प्लॅटफॉर्मवर पाय ठेवला की गाडी आत शिरायची. लोक चकित व्हायचे. एका सकाळी मी त्यांना मोटरसायकलवर सोडायला गेलो, तर प्लॅटफॉर्म रिकामा. "गाडी गेली की सर," हमाल म्हणाला.

"जाईल कशी? तिला अजून सतरा मिनिटं हायत."

"आज टायमावर आली."

काकांनी खिशातून वही काढली आणि त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं : 'गाडीची चूक.'

खरी गंमत कोथिंबिरीची झाली. ताडकळसच्या आठवडी बाजाराचे भाव काकांनी काही वर्षं नेमानं लिहून ठेवले होते. वांगी, मिरची, मेथी, कोथिंबीर. त्यावरून त्यांनी एक मॉडेल केलं, गावाच्या भाषेत 'माडेल'. एका माघात पारावर बसून त्यांनी शेजारच्या दाजींना सांगितलं, "उन्हाळ्यात पाणी कमी, त्यामुळं कोथिंबीर कुणी लावत न्हाई. यंदा लग्नं लय हायत. कोथिंबीर सोन्याच्या भावानं जाणार." दाजींनी ही गोष्ट कुणालाही न सांगण्याच्या अटीवर पाचसहा जणांना सांगितली. ज्याच्या ज्याच्या विहिरीला तांब्याभर पाणी होतं, त्यानं त्यानं कोथिंबीर टाकली. लग्नसराईत ताडकळसच्या बाजारात उतरलो, तर सगळीकडे हिरवंगार. एक जुडी घेतली तर दोन फुकट, आणि न घेता पुढे गेलं तर मागून येऊन पिशवीत कोंबायचे. उरलेली कोथिंबीर टेम्पोतून परत आली. शेळ्यांनी दोन दिवस खाल्ली, तिसऱ्या दिवशी तोंड फिरवलं. त्या उन्हाळ्यात आमच्या गावात वड्या, चटण्या, भाकरी, ताक, सगळ्याला कोथिंबिरीचा वास होता. चहाला नव्हता असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. दाजी रागारागानं काकांकडे आले. "सर, तुमी तर म्हणलात, महाग हुईल!"

"झालीच असती," काका शांतपणे म्हणाले, "तुमी माझं ऐकलं नसतं तर."

दाजी गेल्यावर मात्र त्यांनी वहीतलं कोथिंबिरीचं पान उघडलं. मग मला म्हणाले, "कणाचं बरं असतं बघ. तो इकडं वळणार म्हणलं, तर आपण काय म्हणलो ते त्याला ऐकू जात न्हाई. माणसाला जातं. तितंच सगळी खराबी हाय." त्यांना ही अडचण नीट कळलेली होती, यात शंका नाही. ती कळूनही त्यांनी पुढे जे केलं, ते सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसलो आहे.

आमच्या गावचं सरपंचपद त्या खेपेला महिलांसाठी राखीव निघालं. गावाला एक ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे पन्नासेक घरांची वस्ती. ओढ्याला पाणी आलं की पलीकडच्या पोरींची शाळा बुडते, आजारी माणूस तिकडचा तिकडेच राहतो. तिथं पूल व्हावा म्हणून बायका वर्षानुवर्षं ओरडत होत्या. त्याच एके दिवशी घोळक्यानं आल्या आणि काकूंना म्हणाल्या, "तुमी उभ्या ऱ्हावा." काकू म्हणजे बुटकी, चपळ, सदा कामाच्या घाईतली बाई. दुपारी काका आडवे झाले की त्या चप्पल पायात सरकवून कुठे कुठे जाऊन येत. काका उठायच्या आत चहाचं आधण ठेवलेलं असे. कुठे जातात, हे काकांनी कधी विचारलं नाही. काकू दोन दिवस विचार करून तयार झाल्या. समोर उमेदवार होत्या गावच्या जुन्या पुढाऱ्यांच्या सूनबाई. परभणीत माझा छोटा छापखाना आहे, लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापतो. काकूंची पत्रकं मीच छापली. हात जोडलेला फोटो, खाली कपबशी हे चिन्ह. फोटोत काकू इतक्या घाबरलेल्या होत्या की जणू कपबशी त्यांच्याच हातून फुटली आहे.

आणि काका मॉडेल करायला बसले. गावातलं एकेक घर म्हणजे वहीतली एकेक ओळ. भावकी कुठली, आळी कुठली, कोण कुणाच्या हॉटेलात चहा पितो, कुणाचा बांध कुणाच्या बांधाला लागतो, कोण कुणाशी किती वर्षांपासून बोलत नाही. महिनाभर हे चाललं. काकू प्रचाराला उन्हात हिंडत होत्या आणि काका माडीवर त्यांच्या मतांची बेरीज करत होते.

पहिली सभा मारुतीच्या पारापुढे झाली. काकूंनी पुलाबद्दल चार वाक्यं सांगितली, टाळ्या पडल्या. मग कुणीतरी हौसेनं म्हणालं, आता सरांनी दोन शब्द बोलावेत. मी काकांच्या पाठीमागेच होतो. त्यांच्या खिशातली वही मला दिसत होती. मी सदरा धरून ओढायला हवा होता. नाही ओढला. काकांनी माइक हातात घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, "मंडळी, माझी पत्नी उभी हाय, म्हणून खोटं बोलणं मला जमणार न्हाई. गणित असं सांगतंय की त्या पडणार. सव्वाशे मतांनी. अधिक-उणे पंधरा."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. पिंपळावरचा एक कावळासुद्धा उडून गेला. मोबाइलवर काढलेलं ते भाषण संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक फोनवर पोचलं होतं. समोरच्या पार्टीनं त्याच दिवशी फटाके वाजवले. घरी आल्यावर काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि फक्त एवढंच विचारलं, "ते असू द्या. तुमचं मत कुणाला?"

"मतदान गुप्त असतं," काका म्हणाले.

मी तिथून निघून गेलो.

पण नंतरच्या आठवड्यात गावात काहीतरी हलायला लागलं. बायकांनी ते भाषण ऐकलं आणि त्या पेटल्या. "सौताचा नवरा असं म्हणतो? थांब म्हणावं," असं म्हणत ज्या कधी मताला गेल्या नव्हत्या त्या घरोघर फिरू लागल्या. समोरच्या पार्टीला वाटलं, सीट तर निघालीच. पुण्याला कामाला गेलेल्या आपल्या माणसांना गाड्या करून आणायचं त्यांनी रद्द केलं. कशाला डिझेल जाळायचं? मी हे काकांना सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. "म्हणजे कोथिंबीरच झाली की रे ही!" आणि त्यांनी ठरवलं की मतदानाच्या दिवशी कोण कोण येतं, हे डोळ्यांनी मोजायचं.

मतदान शाळेत होतं. शाळेला दोन फाटकं. दोन्हीकडे हद्दीबाहेर कडुलिंबाची झाडं. वरच्या फाटकासमोर काका वही घेऊन बसले, खालच्या फाटकासमोर मला बसवलं. मी म्हणालो, "आधी मत टाकून येऊ."

"टाकू की, पाच वाजता. आपण उठलो की नोंद तुटती."

मी आज्ञाधारक पुतण्या. बसलो. दिवसभर रेघा मारल्या. साडेपाचला मतदान बंद होणार होतं आणि पाचला आम्ही उठणार, तोच ओढ्याकडून पन्नाससाठ बायकांचा घोळका शेतातून थेट आला. डोक्यावर पदर, पायाला चिखल. काकांना राहवेना. "हेच! ह्याच माझ्या हिशेबात न्हवत्या!" ते प्रत्येकीचं घर ओळखून खूण करत राहिले. मी पळत त्यांच्याकडे गेलो, म्हणालो, चला. ते म्हणाले, तीन नावं जुळंनात. नावं जुळेपर्यंत पोलिसानं फाटक ओढलं. आतल्या रांगेतल्यांना मत देता यावं म्हणून चिठ्ठ्या मिळाल्या होत्या, आम्ही बाहेर.

"अहो, आमी मतदार हाव!" काका म्हणाले.

"मग दिवसभर हितंच तर व्हतात की, सर," पोलीस म्हणाला.

मोजणी परभणीला झाली. आम्ही सगळे बाहेर उन्हात उभे. शेवटी एक जण धावत आला आणि म्हणाला, काकू दोन मतांनी पडल्या. दोन. आधी कुणालाच खरं वाटेना. मग ओढ्यापलीकडच्या बायका रडायला लागल्या. काकू रडल्या नाहीत. त्यांनी काकांचा डावा हात हातात घेतला आणि बोटाकडे पाहिलं. शाई नव्हती. मग माझ्याकडे वळल्या. मी हात खिशात घातला होता. त्यांनी आपला हात पुढे केला. मी हात बाहेर काढला.

काकांना त्या वेळीसुद्धा गप्प राहवलं नाही. "तसं बघितलं तर," ते म्हणाले, "आमची दोन पडली असती तर बरोबरी झाली असती. मग चिठ्ठी काढली असती. म्हणजे शक्यता निम्मीच. तर आमी तुझं नुकसान केलं ते अर्धंच—"

"जीपमदी बसा," काकू म्हणाल्या.

त्यानंतर काकूंनी काकांशी बोलणं सोडलं. ताट वेळेवर वाढलं जाई, पाणी ठेवलं जाई, पण शब्द नाही. मीठसुद्धा रोज अगदी बरोबर असे, त्यामुळे काकांना तक्रारीलाही जागा उरली नाही. मला क्षमा लवकर झाली. "तू काय, सांगितल्या कामाचा," असं म्हणून त्यांनी मला चहा दिला, आणि ती क्षमा मला शिक्षेपेक्षा जास्त लागली. काका मात्र वेगळ्याच प्रश्नात अडकले होते. सव्वाशेचं अंतर दोनवर आलं. फटाके, डिझेल, बायकांचा राग, सगळं धरलं तरी साठसत्तर मतं उरत होती. ती आली कुठून? "काहीतरी हाय, जे माझ्या वहीत न्हाई," ते म्हणायचे. शेवटी एके सकाळी टोपी घालून ते स्वतः घरोघर विचारायला निघाले. सोबत मी.

पहिल्या चार दिवसांत नुसता गोंधळ. ज्याला विचारावं तो म्हणे, "मत? काकूलाच दिलं की!" काकूंना मतं पडली त्याच्या दीडपट माणसं तरी आपण मत दिल्याचं सांगत होती. समोरच्या पार्टीच्या पोलिंग एजंटनंही तसंच सांगितलं. काका हतबल झाले. मग त्यांनी प्रश्न बदलला. कुणाला दिलं हे विचारायचं सोडून, का दिलं, एवढंच विचारू लागले. खोटं बोलणारे तिथं अडखळायचे. बाकीचे बोलायला लागायचे.

एक म्हातारी म्हणाली, तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा काकू महिनाभर रोज दुपारी येऊन थेंब टाकून जायच्या. एकीच्या लेकीचा नर्सिंगचा फॉर्म भरायला त्या परभणीपर्यंत बसनं गेल्या होत्या. एका घरी जुळी झाली, तिथं त्यांनी दुसऱ्या बाळाला सांभाळलं. ओढ्यापलीकडे शेवटच्या घरात एक तरणी बाई चुलीपुढं बसली होती. तिनं चुलीत लाकूड सारलं. मग खाली बघत म्हणाली, "मालकानं मारून घराबाहेर काढलं व्हतं, तवा आठ दिस तुमच्याच घरी ऱ्हायले की मी. खालच्या खोलीत. तुमी वर माडीवर लिवत बसलेले."

परतताना काका ओढ्यात, दगडांवर उभे राहिले. पाणी नव्हतं. "तुला म्हायती होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"मला का न्हाई सांगितलं कुणी?"

"तुम्ही विचारलं नाही, काका."

त्या ओढ्यावर पुढे पूल झाला. काकू प्रत्येक ग्रामसभेला पहिल्या रांगेत जाऊन बसत आणि पुलाचं काय झालं एवढंच विचारत. नव्या सरपंचबाईंनी शेवटी कंटाळून तो मंजूर करून आणला आणि नारळ फोडायला काकूंनाच बोलावलं. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी आम्ही घरी पोचलो तेव्हा काकू पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. काका खुर्ची सोडून त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघे वाजले. एक शेंग उचलून म्हणाले, "ती वड्यापलीकडची पोरगी. तिचं काय झालतं गं?"

काकूंनी वर पाहिलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलल्या. "आता कशाला पायजे? फुडच्या इलेक्शनला?"

"न्हाई," काका म्हणाले. "मला ठावं न्हाई, म्हणून इचारलं."

काकूंनी हातातली शेंग फोडली. मग त्यांनी सूप दोघांच्या मधे सरकवलं आणि सांगायला लागल्या. अगदी मुळापासून, त्या पोरीच्या लग्नापासून, तिच्या सासूच्या स्वभावापासून. मी काही काळ उभा राहिलो, मग चपला हातात घेऊन पडवीच्या पायऱ्या उतरलो. वळून पाहिलं, तेव्हा काकू त्या पोरीच्या आईच्या माहेरापर्यंत पोचल्या होत्या, आणि ऐकण्याच्या नादात काका सोललेले दाणे टरफलांच्या ढिगात टाकत होते. काकूंना ते दिसत होतं. त्या बोलतच राहिल्या.